शेपटाचे वाक्य

९ जानेवारी

तीर्थस्वरूप मामांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

ओळख जवळजवळ नसताना आपल्याला पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. आपण आईचे मावसभाऊ. तरी आपली-माझी भेट एकदाच झाली, थोरल्या मावशीच्या घरी. मी लहान होते आणि पाहुण्यांच्या भीतीने पुस्तकांच्या कपाटामागे जाऊन बसले होते. आपण मला तिथून बाहेर ओढलेत आणि ‘वाळवी’ असे नाव ठेवलेत. घरात ते अजून चालते. आपल्या दुर्बीण-केंद्रावर फोनला बंदी आहे, फोनच्या लहरींनी आकाशातून येणारे क्षीण आवाज बुडून जातात, असे आईने सांगितले, तेव्हा खरे तर मला हायसे वाटले; कारण फोनवर माझा आवाजच फुटला नसता. दर गुरुवारी जी जीप वर येते, तिच्या चालकाकडे हे पत्र देत आहे.

गेल्या वर्षापासून मी संशोधन संस्थेच्या वार्तापत्रात काम करते. गणित, खगोल, पदार्थविज्ञान आणि पर्यावरण-धोरण या चार विभागांत दरमहा जे निबंध प्रसिद्ध होतात, ते वाचून प्रत्येकाचा एक सुबोध परिच्छेद करणे, हे माझे काम. परिच्छेदाच्या अखेरीस मी एक वाक्य लिहिते: हे संशोधन कुठपर्यंत खरे आहे आणि कुठे थांबते. आमच्या कचेरीत त्या वाक्याला ‘शेपूट’ म्हणतात. संपादकांच्या हातात तांबडी पेन्सिल असते आणि ते प्रत्येक शेपूट छाटतात.

मागे गणिताचे सर अंकाची सुरळी मुठीत धरून आमचा जिना चढून आले. “माझ्या प्रमेयातली अट कुठंय?”

“जागा नव्हती, सर.”

“मग प्रमेयच काढायचं होतंत! ज्या पृष्ठभागाला एकही भोक नाही, त्याच्यापुरतंच ते खरं आहे. अट गेली की उरते ती थाप. आणि तिच्याखाली माझं नाव!”

“सर, तुमचं प्रमेय वाचून आजवर कुणाचा जीव गेलाय का?” संपादक म्हणाले. सगळी कचेरी हसली. मीही हसले.

डिसेंबरच्या अंकात पदार्थविज्ञान विभागाचा एक निबंध होता. तिथल्या मॅडमनी एक पापुद्रा तयार केला आहे, कांद्याच्या आतल्या पापुद्र्याहूनही पातळ. तो पाण्यातले विषारी धातू अडवतो. निबंधातच स्पष्ट लिहिले आहे की चाचणी प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यात झाली. क्षार मिसळलेल्या पाण्यात पापुद्रा तासाभरात बुजतो, फुगून कडेने सुटतो आणि मग काहीच अडवत नाही. मी हे शेपटात लिहिले. अंकात उरले ते इतकेच: ‘विषारी पाणी निर्धोक करणारा पापुद्रा आता आपल्या हाती.’ खाली नेहमीची ओळ: ‘मजकूर तज्ज्ञांनी तपासलेला आहे.’ हे तज्ज्ञ कोण, ते आम्हाला सांगत नाहीत. पाकीट बाहेर जाते आणि सही होऊन परत येते.

आपल्या घराण्यात शास्त्रज्ञ आपणच. म्हणून विचारते: शास्त्रज्ञांना स्वतःला हे शेपूट महत्त्वाचे वाटते की नाही? की मी उगाच त्यात अडकले आहे?

आपली,
भाची


१५ जानेवारी

चि. वाळवीस,
अनेक आशीर्वाद.

अगं, क्षमा कसली मागतेस! इथे महिनोन्‌महिने आम्ही पाचसहा माणसं एकमेकांची तीच तोंडं बघत बसतो. कुणाचं पत्र आलं की जेवणघरात मोठ्यानं वाचून दाखवतात. तुझं नाही वाचलं, घाबरू नकोस. पण अक्षर मात्र सगळ्यांना दाखवलं. स्वयंपाकी म्हणाला, “हे छापलेलं आहे काय?”

तुझं दुखणं माझ्या लक्षात आलं. नवी नोकरी, त्यात संपादक खाष्ट, आपली वाक्यं कापली की जीव तुटतो. आपल्या भाषेत शिकून पहिली आलेली पोर तू, वाक्यावर प्रेम असणारच. सवय होईल. मीही तरुणपणी प्रत्येक ‘बहुधा’साठी भांडायचो. एकदा आम्ही आकाशातल्या एका आवाजाच्या मागे महिनाभर लागलो होतो. रोज जेवणाच्याच वेळी यायचा. शेवटी कळलं, तो भटारखान्यातल्या विजेच्या भट्टीचं दार उघडलं की सुटणाऱ्या लहरींचा आवाज होता! तर सांगायचं काय, विज्ञान आपल्या चुका आपणच निस्तरतं. आज शेपूट छाटलं, उद्या दुसरा कुणी ते जोडतो.

आणि बेडकाचं बघ. शेपूट गळतं तेव्हाच तो बेडूक होतो, तोवर नुसतं डबक्यात वळवळणं! संपादकांशी जुळवून घे. हवं तर त्यांना मी चार ओळी लिहितो, माझ्या शब्दाला तिथं थोडं वजन आहे.

तुझा,
मामा


२६ जानेवारी

तीर्थस्वरूप मामांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आपल्या पत्राने बरे वाटले आणि मग वाटेनासे झाले. माझे दुखणे नोकरीचे नाही, मामा. ते मला नीट मांडता आले नाही, हा दोष माझा. आता मांडते.

मागच्या आठवड्यात धोरण विभागाचे साहेब आमच्याकडे आले. इतका हसरा माणूस मी पाहिलेला नाही. “डिसेंबरच्या अंकातलं ते पापुद्र्याचं वाक्य कुणाचं? वा! आम्ही जसंच्या तसं मसुद्यात घेतलं.” त्यांनी मसुदा टेबलावर ठेवला. आमच्या गावच्या वरच्या अंगाला रंगाचे कारखाने आहेत. त्यांचे वापरलेले पाणी आज टाक्यांत साठवून दूर नेतात. नव्या नियमाप्रमाणे ज्या कारखान्याने पापुद्रा बसवला, त्याला ते पाणी सरळ नदीत सोडता येईल. जिथे सोडणार, त्याच्या खाली आमच्या वस्तीचा पंप आहे. तिथून आईच्या घरी नळ येतो. दादाची दीड वर्षांची मुलगी त्याच नळाखाली तोंड उघडून उभी राहते.

मी विचारले, “साहेब, आपण मूळ निबंध पाहिलात का?” माझा आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी कान पुढे केला. मग ते हसून म्हणाले, “मूळ निबंध? तो कोण वाचतो! ते वाचायला लागू नये म्हणून तर तुमचं वार्तापत्र आहे ना, ताई.”

मामा, त्यांना पेढा-बर्फीसारखे ते वाक्य आवडले होते. ते माझे वाक्य होते. मला स्वतःच्या अक्षराची शिसारी आली.

मी पदार्थविज्ञान विभागात गेले. मॅडमनी मला परत पाठवले नाही. त्यांनी दोन पेले मांडले, दोन्हींवर पापुद्रा ताणला. एकात धातू मिसळलेले शुद्ध पाणी ओतले. खाली स्वच्छ पाणी उतरले. दुसऱ्यात रंगकारखान्याच्या टाकीतले पाणी ओतले. रंग पक्का बसावा म्हणून कारखाने त्यात पोत्यांनी मीठ घालतात. त्या पाण्याला सडलेल्या कापडासारखा वास होता. पाहता पाहता पापुद्र्यावर तापात जिभेवर धरते तशी पांढुरकी साय धरली, मग तो फुगला, कडेने सुटला आणि ते पाणी जसेच्या तसे खाली आले. मी तोंडावर रुमाल धरला.

“बाई, मी सगळं निबंधात लिहिलंय,” मॅडम म्हणाल्या.

“पण अंकात आलं नाही.”

“अंक तुमचा. मसुदा त्यांचा. माझं काम निबंधापाशी संपतं.” आणि पेला धुता धुता सावकाश म्हणाल्या, “कारखान्यांनी पापुद्र्याची मागणी नोंदवली आहे. विभागाला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलंय. आता मीच जाऊन सांगू, घेऊ नका म्हणून?”

मला त्यांचा रागही धड येईना. हात साबणाने दोनदा धुऊन मी बाहेर पडले.

मसुद्यावर १३ मार्चपर्यंत हरकती घेणार आहेत. हरकतीखाली शास्त्रज्ञाची सही असेल तर तिला ‘तांत्रिक’ म्हणतात आणि तिचे उत्तर द्यावेच लागते. नसेल तर ती ‘सर्वसाधारण’ ढिगात जाते, आणि तो ढीग कुणी उपसत नाही. मी हरकत लिहून सोबत जोडली आहे; निबंधातले वाक्य त्यात जसेच्या तसे दिले आहे. आपण वाचावी, पटली तर सही करावी. बेडकाबद्दल म्हणाल, तर मला पाल आठवली. तिचे शेपूट तुटले की ते वळवळत राहते, सगळे त्याकडेच बघतात, आणि पाल निसटते.

आपली,
भाची


५ फेब्रुवारी

चि. वाळवीस,
आशीर्वाद.

तुझी पाल वाचून हसलो. लिहितेस झकास.

इथं सध्या श्वास घ्यायला फुरसत नाही. तुझा कागद नीट वाचायला निवांत वेळ हवा, असं घाईत सही करणं बरं नव्हे. पुढच्या जीपनं बघतो. तोवर तू स्वतःच्या नावानं काही पाठवू नकोस. तू संस्थेचं मीठ खातेस. उगाच डोळ्यावर येशील.

आणि एक सांगू? तुझी आई लहानपणापासून राईचा पर्वत करते. विंचू दिसला म्हणून सगळं घर अंगणात काढलं होतं तिनं, निघालं झाडूचं काटूक. नियम झाला तरी कारखाने लगेच का पाणी सोडतायत? मध्ये आणखी चार पायऱ्या असतात, कुणीतरी थांबवतंच.

त्या तपासणाऱ्या तज्ज्ञालाही फार बोल लावू नकोस. असेल कुणीतरी कामात बुडालेला माणूस. पाकिटांचा रतीब चालू असतो, सगळंच कसं वाचून होणार?

प्रकृतीला जप. चष्म्याचा नंबर वाढला का?

तुझा,
मामा


१६ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप मामांस,
नमस्कार.

पुढच्या जीपने काही आले नाही. म्हणून मी जीपच्या चालकालाच विचारले, “मामांनी काही दिलं नाही का?”

“कागद ना? नाही बा,” ते म्हणाले. “तुमच्या वार्तापत्राचं पाकीट तेवढं दिलं, सही करून. ते कधी चुकत नाहीत. मी चहा घेतो तेवढ्यात बॉनेटवर ठेवून करतात सही.”

“वाचत नाहीत?”

“ताई, माझा चहा अर्ध्या कपाचा असतो.”

मी तिथेच फाटकाच्या कठड्यावर बसले. ते घाबरले. त्यांना वाटले, मला घेरी आली. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि मला पाणी पिववेना.

मामा, आपल्या मागच्या पत्रातला ‘कामात बुडालेला माणूस’ मी पुन्हा वाचला. आपण स्वतःविषयी किती मायेने लिहिले आहे! मग मी नोव्हेंबरचा अंक काढला. त्यात आपल्या केंद्राचा परिच्छेद होता: विझत आलेल्या एका ताऱ्याकडून येणारी नियमित टकटक. मी शेपूट लिहिले होते: ही टकटक एकदाच ऐकू आली आहे, पुन्हा ऐकू येईपर्यंत ती ताऱ्याचीच, असे म्हणता येत नाही. तेही छाटले गेले. त्या अंकावरही आपलीच सही असणार. आपल्याच ताऱ्याचे शेपूट तुटलेले आपल्याला दिसले नाही, की दिसले आणि आवडले?

मला किळस येते, आणि कुणा एकाची येत नाही, हेच अधिक किळसवाणे आहे. मॅडमनी निबंधात लिहून हात धुतले. संपादकांनी जागा नाही म्हणून कापले. तज्ज्ञांनी बॉनेटवर सही केली. धोरणवाल्या साहेबांनी तज्ज्ञांची ओळ पाहून मसुदा केला. आणि आता मॅडमच्या विभागाच्या दारावर तो मसुदा चिकटवला आहे: ‘आमच्या संशोधनाची धोरणात दखल.’ एकाने चावून दुसऱ्याच्या तोंडात द्यावे, त्याने तिसऱ्याच्या, असा हा घास फिरतो आहे, आणि शेवटी तो दादाच्या मुलीच्या तोंडात जायचा आहे.

आईला मी सगळे सांगितले. ती भांडी विसळत होती. म्हणाली, “तो लहानपणी पानातलं नावडतं ते माझ्या ताटाखाली सरकवायचा आणि मग ‘बघा, मी कसं सगळं संपवलं’ म्हणून शाबासकी घ्यायचा. मोठा झाला, ताट मोठं झालं.” मग नळ बंद करून म्हणाली, “पण तापात रात्रभर माझ्या उशाशी बसायचाही तोच. लिही त्याला. सही करील.”

म्हणून लिहिते. आता तर आपल्या सहीला इतर कुणाही शास्त्रज्ञाच्या सहीपेक्षा जास्त अर्थ आहे. ‘मी न वाचता सही केली होती, आता वाचून करतो’, एवढेच लिहायचे आहे.

आपली,
भाची


५ मार्च

चि. वाळवीस,

तुझं पत्र मी दोनदा फाडायला घेतलं.

हो. सही माझी आहे. दोन्ही अंकांवर. टकटकीचं शेपूट गेलेलं मला दिसलं होतं. आता ऐकायचंच आहे तर ऐक. हे केंद्र बंद करायचं घाटत होतं. तो परिच्छेद छापून आला आणि बंद करायची भाषा थांबली. पुन्हा टकटक ऐकू आली का? नाही. रोज कान लावून बसतो. स्वयंपाक्याला भट्टीचं दार उघडायच्या आधी घंटा वाजवायला लावलंय. तिकडे डिसेंबरच्या अंकाबद्दल ‘न वाचता सही केली’ म्हणून कबूल केलं, की नोव्हेंबरचा अंक कोण उघडणार नाही? मग मी, ही माणसं, ही दुर्बीण, सगळंच गुंडाळतील. चाळीस वर्षं मी त्या आवाजाची वाट बघितलीय, पोरी. तुला नळाची काळजी आहे, मला आकाशाची; काळजीच ती.

तरी तुझ्या आईला निराश करायचं नाही म्हणून सही पाठवतोय. मजकूर जरा सौम्य केलाय. तुझं ते लांबलचक वाक्य काढलं, वाचणाऱ्याला टोचलं असतं. ‘पापुद्रा आशादायक आहे, तथापि अधिक संशोधन इष्ट ठरेल’ असं घातलंय. खाली सही, हुद्दा, शिक्का, सगळं. तुझी हरकत तांत्रिक ठरेल, माझंही निभेल. आता तरी खूश हो.

मामा


१२ मार्च

तीर्थस्वरूप मामांस,
नमस्कार.

आपला सही केलेला कागद या पत्रासोबत परत पाठवत आहे. तो फाडलेला नाही, चुरगाळलेला नाही. आपण ‘लांबलचक वाक्य’ म्हणून जे काढलेत, ते मी मोजूनमापून लिहिलेले माझे वाक्य नव्हते. ते मॅडमच्या निबंधातले शेपूट होते. संपादकांनी ते जागेसाठी छाटले, आपण माझ्यावरच्या मायेने. पेन्सिल तीच. कागद हातात घेतला तेव्हा मला पहिल्यांदा स्वच्छ उलटी झाली, रूपक म्हणून नव्हे. त्यानंतर डोके शांत झाले.

मी माझीच हरकत माझ्याच नावाने लिहिली. तीत मूळ वाक्य आहे, दोन पेल्यांचा प्रयोग आहे. डिसेंबरचा अंक कोणी तपासला, कुठे आणि कसा, हेही आहे. बॉनेटसकट. जीपच्या चालकांना आधी विचारले, तुमचे म्हणणे लिहिले तर चालेल का. ते म्हणाले, “लिहा. बॉनेट माझंच आहे.” नोव्हेंबरच्या अंकाविषयी मी हरकतीत काहीही लिहिलेले नाही. त्याचा आमच्या नळाशी संबंध नाही. तो आपला आणि त्या ताऱ्याचा प्रश्न आहे.

सकाळी संपादकांना सांगितले. ते बराच वेळ पेन्सिलीला टोक करीत राहिले, तासलेला भुगा चहाच्या कपात पडत होता तरी त्यांचे लक्ष नव्हते. मग म्हणाले, “म्हणजे तू सुटलीस आमच्यातनं. जाताना तुझी शेपटं घेऊन जा.” मी खरोखरच नेली. वर्षभरात छाटलेली सगळी वाक्ये माझ्या मूळ प्रतींत आहेत. जिन्यात गणिताचे सर भेटले. हातातला गठ्ठा पाहून म्हणाले, “माझंही आहे त्यात?” मी मान हलवली. त्यांनी आपले शेपूट शोधून काढले, उभ्या उभ्या वाचले आणि नमस्कार केला. मला की वाक्याला, ते कळले नाही.

हरकतींच्या खिडकीवर कारकुनाने विचारले, “शास्त्रज्ञाची सही?”

“नाही.”

“मग सर्वसाधारण.” त्यांनी हात ढिगाकडे नेला. मला वाटले, गप्प घरी जावे. आयुष्यभर मी तसेच केले आहे. पण तोंडातून निघाले, “आधी दुसरं पान वाचा.”

त्यांनी वाचले. मान वर केली. “बॉनेटवर?”

“हो.”

“म्हणजे सही नाही, पण शास्त्रज्ञ आहे. हे कुठं ठेवायचं?” ते कागद घेऊन आत गेले. बाहेर आले तेव्हा हात रिकामे होते. “दोन्हींतल्या कुठल्याच ढिगात नाही. साहेबांच्या टेबलावर राहिलंय. ते वाचतायत.”

एवढेच मला माहीत आहे. ते हसरे साहेब आज आयुष्यात पहिल्यांदा एखादा कागद शेवटपर्यंत वाचतील की नाही, ते माहीत नाही.

आपल्याला उद्याचा दिवस आहे. जीप वर पोहोचली की चालक थांबतील. आज पूर्ण कप चहा घेणार आहेत, असे त्यांनी मला कबूल केले आहे. तेवढ्यात आपल्याला चार ओळी लिहिता येतील. नाही लिहिल्यात, तर आईला मी सांगेन की आपण कामात बुडालेले होतात. तिला ते खोटे आहे हे कळेल, आणि ती पुन्हा विचारणार नाही.

आता या पत्राचे शेपूट, जे कुणी छाटू नये: हे सारे मी चिडून लिहिले आहे. चाळीस वर्षे एका आवाजाची वाट बघणे म्हणजे काय, हे मला ठाऊक नाही. आईच्या उशाशी रात्रभर बसलेला मुलगा मी पाहिलेला नाही. तो एकदाच होऊन गेला, की अजून आहे, याची मला खात्री नाही. तो पुन्हा ऐकू आला, तर माझे वरचे सगळे म्हणणे मी मागे घेईन.

आपली,
वाळवी

हरकत खिडकीवर दिली आणि हे पत्र जीपमध्ये ठेवले: गुरुवार, १२ मार्च, सकाळी ११ वाजून २० मिनिटे.